राघोची एका बैठकीची रेंगी

दिवा गावच्या राघोनं कमळाबाई धवलारणीला ठेवली आहे, असं लोक म्हणत. म्हणजे निम्मे लोक असं म्हणत. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, की तिनंच त्याला ठेवलाय; त्याची ती वाऱ्यासारखी पळणारी रेंगी आणि ते दोन खिलारी बैल तिच्याच सोन्याच्या पाटल्या मोडून आलेत; आणि म्हणूनच त्या रेंगीत हाकणाऱ्याच्या शेजारी फक्त एकाच माणसाची जागा आहे. ती कुणासाठी ठेवली असेल, हे काय पाटी लावून सांगायला हवं?

ही कुजबुज सन अठराशे नव्वदच्या आसपासची. काटई, निळजे, मानपाडा, संदप, भोपर, सगळ्या गावांच्या विहिरींवर ती रोज नव्यानं घासूनपुसून निघायची, आणि कल्याणच्या स्टेशनाबाहेर चिंचेखाली टांगेवाले बसत, तिथं तर तिला फोडणीच मिळायची. इतकी चविष्ट गोष्ट खरी की खोटी हे तपासायला कोण बसतो? आम्हीही नाही बसलो. वर्षानुवर्षं चवीनं खाल्ली. आता त्यातलं कुणी उरलं नाही, तेव्हा मुळापासून सांगायला हरकत नाही.

राघो आगरी. आईबाप पटकीच्या एकाच साथीत गेले, काकानं वाढवला, आणि मिसरूड फुटल्यावर काकीनं वेगळा काढला. गावाच्या टोकाला, जिथून पुढं नुसती खाजण जमीन, तिथं त्याची कुडाची झोपडी. दिवसभर कळव्याच्या मिठागरात मीठ ओढायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचं. गप्पा मारायला म्हणाल तर तसं नाही. त्याला बोलता फारसं येत नसे. तो नुसता बसायचा. घरातल्या बाईनं अंथरुणं झटकायला घेतली की सगळे समजायचे, आता राघो उठेल. मग तो उठायचा, "येतंय मी," म्हणायचा आणि दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. सगळ्या गावाची अंथरुणं पडली की नाइलाजानं घरी. गावात त्याला चिडवत, "राघोच्या घराची किल्ली हरवलीय." त्याच्या घराला कुलूपच नव्हतं, पण त्याला हसू यायचं नाही.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. घरी गेल्यावर आत कुणीतरी असावं.

ते कुणीतरी ठरलंही होतं. काळुरामाची बायजा. बायजा तोंडानं फटकळ, हातानं चपळ, आणि राघो ओट्यावर बसला की मुद्दाम त्याच्या पायाजवळ केर काढणारी. हे प्रेमच होतं, असं मी म्हणतो. तुम्हाला दुसरं काही म्हणायचं असेल तर म्हणा. काळुरामानं होकार दिला आणि देजाचा आकडा सांगितला. आगऱ्यांत तेव्हा मुलीचा बाप हुंडा देत नसे, उलट घेत असे. मुलगी म्हणजे दोन कामाचे हात. ते हात घरातून न्यायचे तर त्याचं देज भरा आणि मग न्या. राघोनं पाच वर्षं मिठागरातली मजुरी साठवून ते देज जमवलं. एका मडक्यात रुपये, वर मीठ. चोरानं पाहिलं तरी मीठच दिसावं.

मडकं भरलं आणि त्याच महिन्यात त्यानं तो साहेब पाहिला.

रेल्वेच्या कामावरचा कुणी गोरा इंजिनेर होता. कळव्याच्या बांधावरून त्याची दोन चाकांची हलकी घोडागाडी आली. ना छप्पर, ना ओझं. साहेब एकटा, लगाम हातात, टोपी मांडीवर, केस उडतायत. मिठाच्या ढिगाऱ्यावर उभे असलेले शंभर मजूर फावडी टाकून बघत राहिले. धूळ खाली बसेपर्यंत साहेब पारसिकच्या डोंगराआड गेलासुद्धा. राघोच्या शेजारचा म्हणाला, "मना कुनी घटकाभर बसवला आसता त्यात, तर दोन दिसांची मजुरी दिली आसती." दुसरा म्हणाला, "मी चार दिसांची."

राघोनं हे दोघांचं बोलणं ऐकलं आणि खरं मानलं. तिथंच चुकला. आणखीही एक गोष्ट त्यानं पाहिली आणि तिचा अर्थ लावला नाही: साहेब एकटा होता.

त्याचा हिशेब सरळ होता. घोडा आपल्याला झेपायचा नाही, पण पळणारे बैल झेपतील. हलकी रेंगी बांधायची, आणि ज्याला मिरवायचं असेल त्याला भाड्यानं द्यायची. हौशी काय कमी आहेत? सासुरवाडीला जाणारे, जत्रेला जाणारे, कोर्टात दावा जिंकून येणारे. दोन हंगामांत देज परत मडक्यात, गाडी-बैल फुकटात पदरात, आणि बायजा मिठागरातल्या मजुराची नव्हे, गाडीवाल्याची बायको.

तो काळुरामाकडे गेला. काळुराम जाळं विणत बसला होता.

"मामा, देज तयार हाय. पन दोन वर्सं थांबशील काय?"

"तयार हाय तं थांबू कशाला रं?"

राघोनं सगळं सांगितलं. त्याच्या जन्मात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. काळुराम ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजी माज्या पोरीच्या देजाचे तू बैल घेनार."

"व्हय."

"आनि बैल मेले तं?"

"नाय मरनार."

काळुराम मनानं वाईट नव्हता. "पुढच्या सालच्या वैशाखापत्तर थांबतंय," म्हणाला, "त्याच्या पुढं नाय. पोर काय मीठ हाय, ढीग लावून ठेवाला?"

पौषात म्हसा गावच्या जत्रेत राघोनं बैल घेतले. घाटावरच्या व्यापाऱ्यानं आणलेली पांढरी खिलार जोडी, शिंगं मागं वळलेली, पाय हरणाचे. व्यापाऱ्यानं दात दाखवले, खूर दाखवले, शेपट्या उचलून दाखवल्या. राघोनं फक्त पळवून पाहिले आणि मडकं त्याच्यापुढं पालथं केलं. मिठासकट. व्यापारी रुपये पुसत म्हणाला, "पाव्हणं, बैल खरेदी केलेत का लोणचं?" राघोनं एकाचं नाव चेंडू ठेवलं, दुसऱ्याचं भोवरा.

गाडी कल्याणच्या गोविंदा सुतारानं बांधली. बैलांतून उरलेल्या रुपयांतून निम्मे पैसे रोख, निम्मे फिटेपर्यंत गोविंदाला दर बाजाराला लाकडाच्या वखारीत फुकट न्यायचं, असा सौदा. गोविंदा जुना कारागीर. त्यानं मापं ऐकली आणि वाकस खाली ठेवला.

"हाकणारा एक आणि बसणारा एक? मागं साटा नको?"

"साटा घातला की वजन झाला."

"अरे, वजन होऊ दे की. लोक कुठं बसतील?"

"लोक नाय. एकच."

"एकच कोण जातो रे कुठं?" गोविंदानं विचारलं.

राघोला वाटलं, म्हातारा जुन्या चालीचा. त्यानं आपलंच खरं केलं. आणि खरं सांगतो, गाडी देखणी झाली. नुसत्या बोटानं उचलावी इतकी हलकी, बारीक आऱ्यांची उंच चाकं, बसायला वेताची बैठक. गोविंदाला पहिल्यांदा वखारीत नेलं तेव्हा येताना त्यानं लाकूड मांडीवर आडवं घेतलं होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी इतकं बाहेर आलं होतं की बैलबाजारातल्या सगळ्यांना वाकून बाजूला व्हावं लागलं.

गाडी दिव्यात आली त्या दिवशी सगळा गाव बघायला आला. बायजाही आली. राघोच्या मनात, पहिल्यांदा तिनं बसावं. पण लग्नाआधी चारचौघांत तसं म्हणणार कसं? तो नुसता बैठक पुसत राहिला. बायजानं गाडीला एक फेरी घातली.

"एकाच मान्साची जागा?"

"पलते बघ कशी."

"पलंल. पन तुजी बायको बसंल तं पोर कुठं बसंल? माजी आयस आली तं ती कुठं बसंल?"

सगळे हसले. राघोही हसला. बायजा हसली नव्हती.

पुढं जे झालं त्याला कुणाचा दोष नाही. आपल्याकडची माणसंच तशी. कुणी कुठं एकटं जातं का? मुलगी सासरी निघाली तर पाठराखीण हवी. बाई माहेरी निघाली तर दीर हवा, पोरं हवीत, सुकटीची टोपली हवी. पुरुष कोर्टात निघाला तर चार साक्षीदार आणि दोन नुसतेच बघे. मेलेला माणूससुद्धा चौघांना घेऊन जातो. गाडी लांबून आली की प्रत्येकाला हौस यायची, आणि जवळ येऊन थांबली की प्रत्येकजण मागं वळून आपल्या गोतावळ्याकडं बघायचा.

पहिलं गिऱ्हाईक ठाकुर्लीचा एक नवाकोरा नवरा. बायकोला माहेराहून आणायला निळज्याला निघाला होता. जाताना काय तो तोरा! मुंडाशाचा शेव उडतोय, हात कमरेवर. निळज्यात सासू दारात आली, सासरा आला, अख्खी आळी आली. मग बायको आली. तिच्या डोक्यावर गाठोडं, काखेत कोंबडी. नवऱ्यानं बैठकीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. सासू म्हणाली, "जावयबापू, आमची पोर चालत येल काय?" आता तो काय बोलणार? बायको कोंबडीसकट राघोच्या शेजारी बसली आणि नवरा मागून पळत. राघोनं बैल आवरून धरले हो, पण चेंडू-भोवऱ्याला हळू चालायचं शिकवलंय कुणी? मानपाड्यापर्यंत नवरा दिसत होता, पुढं दिसेनासा झाला. वाटेतल्या एका गावात लोकांनी राघोलाच नवरा समजून ओवाळायला ताट आणलं.

दुसऱ्या वेळी कोपरच्या दोन म्हाताऱ्या जावा. मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं होतं. एकीला आधी सोडतो, मग दुसरीला नेतो, असं राघो म्हणाला. थोरली म्हणाली, "आदी मी गेले तं ही मागं माज्या सुनंला काय काय सांगंल!" धाकटी म्हणाली, "आनि मी आदी गेले तं हिच्याबद्दल सांगाला तिथं हाय कोन?" दोघी खटाऱ्यातून गेल्या.

चिंचेखाली टांगेवाल्यांची चंगळ झाली. गणू टांगेवाला रोज ओरडायचा, "ओ राघोशेट, आज कोणाला नेताय? वाऱ्याला?" राघो उत्तर द्यायचा नाही. बैल पळणारे असले की रोज पळवावेच लागतात, नाहीतर अंग धरतात. म्हणून तो सकाळ-संध्याकाळ रिकामी रेंगी घेऊन मानपाड्याच्या रस्त्यानं पळवून आणायचा. वेताची बैठक मोकळी, तिच्यावर नुसती धूळ. लोक शेतातून हात करायचे. कुणी थांबवायचं नाही.

हंगाम गेला. पुढच्या सालचा वैशाख आला. मडक्यात मीठच होतं.

काळुराम एका सकाळी राघोच्या झोपडीत आला. बसला नाही. "घेसरच्या पोरानं देज आनलाय, राघो. समदा." मग म्हणाला, "पोर वाढते रं." राघो म्हणाला, "व्हय." बस, एवढंच. काळुराम गेल्यावर राघोनं बैलांना पाणी पाजलं, असं शेजारच्यांनी पाहिलं.

लग्न वैशाख वद्य पंचमीला ठरलं, गोरज मुहूर्तावर, दिव्यात, काळुरामाच्या दारी. त्या दिवशी राघो गावात थांबला नाही. दुपारपासून मानपाड्याच्या तिठ्यावर रेंगी सोडून बसला होता.

आता इथं कमळाबाई येते, तर ती कोण हे सांगायला हवं. आगऱ्यांच्या लग्नात एक वेळ भटजी नसला तरी चालेल, धवलारीण हवीच. ती धवले गाते, तिच्या गाण्यावर हळद लागते, तिच्या गाण्यावर अंतरपाट धरतात, आणि तिनं तोंड उघडल्याशिवाय लग्न पुढं सरकत नाही. कमळाबाई बारा गावांची धवलारीण. वय तिशी-पस्तिशीचं, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, काटईत एकटी राहायची. विधवा असली तरी धवलारणीचा मान वेगळा. लोक तिच्या पाया पडत आणि तिच्या जिभेला घाबरत. लग्नसराईत एका दिवसात दोन-दोन लग्नं, आणि सगळी पायांवर.

त्या दिवशी तिचं पहिलं लग्न संदपला. तिथं वऱ्हाड जेवणावरून रुसलं, समजूत काढण्यात दुपार गेली, आणि कमळाबाई मोकळी झाली तेव्हा सूर्य कलला होता. पदर खोचून ती भराभर चालत तिठ्यावर आली. समोर राघो आणि रेंगी.

"दिव्याला चल," ती म्हणाली.

राघो उठला नाही.

"तुला ठावं हाय कुनाचं लगीन ते," ती म्हणाली. "मनापन ठावं हाय तू कोन. जमत नसंल तं सांग. मी चालत जाते. पोचंन तवा पोचंन, मुहूर्त टलंल, दुसरा काय व्हईल?"

मुहूर्त टळला तर दुसरा काय व्हईल? हे ती बोलून गेली आणि राघोच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मी सांगू शकत नाही. बैल हळू हाकायचे, एवढंच पुरे होतं. त्या दिवशीचा मुहूर्त टळला की पुढचा तीन आठवड्यांनी. तीन आठवड्यांत घेसरचं वऱ्हाड रुसू शकतं, देज परत मागू शकतं. कुणी त्याला बोल लावला नसता. बोल लावायचाच तर संदपच्या जेवणाला लावला असता.

त्यानं बैल जोडले. "बस," म्हणाला.

त्या रस्त्यावरून तशी गाडी त्याआधी कधी पळाली नव्हती. काटईच्या शेतात बांधबंदिस्ती उरकून बसलेले लोक उभे राहिले. कमळाबाईनं एका हातानं बैठक धरली होती, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर, आणि मधेमधे ती धवल्याच्या ओळी पुटपुटत होती, कारण दिवसभर बसलेला घसा मोकळा व्हायला हवा होता. दोघं एक शब्द बोलले नाहीत. दिव्याच्या वेशीवर आले तेव्हा गुरं नुकती परतत होती, धूळ उडाली होती, आणि मांडवात माणसं टाचा वर करून रस्त्याकडं बघत होती.

कमळाबाई उतरली. कनवटीची गाठ सोडली. "किती?"

"चार आने."

तिनं चार आणे दिले, त्यानं घेतले. मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलं. त्यानं रेंगी जागच्या जागी वळवली आणि तो निघाला. गावाबाहेर खाजणाच्या बांधावर जाईपर्यंत त्याच्या कानावर तिचा आवाज येत होता. आवाज मोठा होता तिचा.

राघोला मी एकदा विचारलं होतं, "का पळवलेस रे बैल?" त्यावर तो म्हणाला, "मंग काय करू? गाडी येलेवर नाय पोचली आसं म्हनले आसते लोक."

तिथून त्याचा धंदा उभा राहिला. बाराही गावांत झालं, की कमळाबाई संदपहून निघून दिव्याला गोरजाला पोचली. पुढच्या हंगामापासून ती दिवसाला तीन लग्नं घ्यायला लागली आणि प्रत्येक खेपेला राघोची रेंगी. मग गोदा सुईण आली. तिला कुणाच्या घरी कधी पळावं लागेल याचा नेम नाही. मग हरिहरभट जोशी आले, मग हाडवैद्य. बाकी सगळा मुलूख घोळक्यानं फिरत होता; एकटी फिरणारी माणसं एवढीच. यांची सगळ्यांना गरज आणि यांच्याबरोबर कुणी नाही. गोविंदाला जे कळलं नाही आणि राघोला जे आधी उमगलं नव्हतं, ते असं आपोआप जुळलं. त्यानं गोविंदाकडून दुसरी रेंगी बांधून घेतली.

"आता तरी मागं साटा घालू?" गोविंदानं विचारलं.

"नको. तशीच."

दुसरी रेंगी त्यानं रोजाच्या भाड्यानं दिली ती गणू टांगेवाल्याला. गणूचा घोडा त्या साली गेला होता. पहिल्या दिवशी गणू बैठकीवर चढला तेव्हा चिंचेखालचे सगळे ओरडले, "काय गणूशेट, आज कोणाला नेताय? वाऱ्याला?" राघो तिथंच होता. तो काही बोलला नाही, पण हसला. तो असा मोकळा हसलेला मी तेवढाच पाहिला.

आणि कुजबुज सुरू झाली. व्हायचीच. एक बाई, एक पुरुष, दोघांना घरी कुणी नाही, आणि बैठक एवढी अरुंद की खड्ड्यात चाक गेलं की खांद्याला खांदा लागणारच. राघोकडं आता पैसा होता. देज दोनदा भरता येईल एवढा. पोरी दाखवायला लोक यायचे, तो नको म्हणायचा. मग कशाला नको म्हणतो? कमळाबाईच्या हातात पाटल्या दिसत नाहीत. मग गेल्या कुठं? हळदीच्या दिवशी बायका एकमेकींच्या नावानं गाणी जोडतात, त्यात तिच्या नावाशी राघोचं नाव जोडायला लागल्या. ती हसायची आणि पुढची ओळ त्याहून तिखट जोडायची. तेवढ्यानं लोकांची खात्री पटली.

प्रकरण पंचांपर्यंत गेलं. पण विचारणार कुणाला? कमळाबाईला विचारायची कुणाची छाती? ती रुसली तर बारा गावांतली लग्नं खोळंबतील, आणि पंचांपैकी तिघांच्या घरी त्या साली लग्न होतं. म्हणून राघोला बोलावलं. पाटील म्हणाले, "राघो, काय आसंल ते सांग. पाट लावून लगीन कराचा आसंल तं कर, कोनी नाय म्हनत नाय. नायतर लोक बोलतात ते खोटा हाय आसं सांग."

राघोनं मान खाली घातली.

"खोटा हाय काय?"

राघो गप्प.

पंचांनी याचा जो अर्थ लावायचा तो लावला आणि दंड सांगितला: पाच नारळ आणि जातीला जेवण. राघोनं मुकाट्यानं दोन्ही दिलं.

कमळाबाईला हे तिसऱ्या दिवशी कळलं. ती तशीच काटईहून चालत दिव्याला आली, रेंगी न बोलावता, आणि चावडीसमोर उभी राहिली. "कसला दंड? मी चढते तवा चार आने देते, उतरते तवा माजी वाट धरते. कोन म्हनतो दुसरा काय, त्यानं म्होरं यावा!" कुणी म्होरं आलं नाही. "मंग त्याचे नारल परत करा." पाटील म्हणाले, "नारल खाल्ले गो, बाय." जेवण तर केव्हाच पचलं होतं.

ती तिथून तरातरा राघोच्या झोपडीकडं गेली. तो बैलांना गवत घालत होता. ती म्हणाली, "तुला तोंड नाय? सांगता आला नाय?"

"काय सांगू?" तो म्हणाला.

तिनं पायाजवळची गवताची पेंढी बैलापुढं सरकवली. मग म्हणाली, "बेस्तरवारी कोले गावात लगीन हाय. सकाली ये," आणि चालत परत गेली. आणि गावानं काय म्हणावं? "बघा, कशी धावत आली त्याच्यासाठी!"

राघोनं तिला आणखी नऊ हंगाम नेलं. रोजचंच. चार आणे, कधी दोन. तिला उतरवायचं, बैल वळवायचे, आणि मग आपल्या झोपडीत. ओट्या-ओट्यांवर बसणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. धंदेवाल्या माणसानं असं बसणं बरं दिसत नाही, असं काहीतरी त्याला वाटायचं. दिवस मावळला की त्याच्या दाराशी फक्त बैलांच्या घंटा. चेंडू म्हातारा होऊन गेला, मग भोवरा. नवे घेतले, त्यांना नावं ठेवली नाहीत. पुढं एका पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत तो संपला. रेंगी गणूनं घेतली. कमळाबाई दिव्याला आली होती, माणसांच्या मागं उभी राहिली, आणि चालतच काटईला गेली. डोळ्यांत पाणी नव्हतं. लोक म्हणाले, काय पोहोचलेली बाई आहे!

खरं काय ते कमळाबाईनं फार वर्षांनी गोदा सुईणीला सांगितलं, आणि गोदाच्या पोटात एवढी एकच गोष्ट इतके दिवस राहिली.

पंचांनी बोलावलं त्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. भर दुपार, मानपाड्याची विहीर, बैल पाणी पीत होते. राघोनं बैठक पुसता पुसता म्हटलं, "कमलाबाय, घरी कोनी नाय मना. तुलापन नाय. पाट लावूया काय?"

ती म्हणाली, "नको रं."

"काय खोट हाय माज्यात?"

"खोट नाय. अकरा वर्सं नवऱ्याचे घरात व्हते. सासू, दीर, जावा, धा मानसं. आता दिवसभर लोकांचे मांडवात गला फाडते, घरी येते, भाताचा टोप उतरवते, आनि कोनी बोलत नाय. मना ते बरं वाटते."

"मना नाय वाटत," राघो म्हणाला.

"म्हाइत हाय," ती म्हणाली. मग बैलांचं पाणी पिऊन झालं आणि ते निघाले, कारण निळज्याचा मुहूर्त गाठायचा होता.

राघोची रेंगी बायजाच्या देजाच्या पैशांतून आली होती. कमळाबाईचा तिच्यात एक पैसाही नव्हता; ती बसायची त्याचं भाडं द्यायची. राघोनं तिला एकदा विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. त्यांच्यात दुसरं काही नव्हतं.